दादांसमोर च्युइंगम

गोंदिया,
दि. २६ नोव्हेंबर २०११

श्री. तिलकजी यांना रविताचा नमस्कार.

नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून रागावू नका, पाकिटावर तर लिहावंच लागतं. रायपूरला तुम्ही बरे असाल, मिलमध्ये नवं धान यायला लागलं असेल. इकडे कापणी आटोपली, मळणी चालू आहे. म्हणूनच जाऊबाई घरी राहिल्या आणि दवाखान्यात माझ्याजवळ तुमचे दादा बसले. फोन त्यांच्या खिशात असतो आणि तुम्हीही त्यांच्याशीच बोलून ठेवून देता, म्हणून हे पत्र. कागद राखी सिस्टरने दिला.

ऑपरेशन नीट झालं, आतड्याला पडलेला पीळ सोडवला. पण अशा ऑपरेशननंतर आतडं झोपी जातं म्हणे, आणि ते जागं झाल्याशिवाय पाण्याचा घोटही मिळत नाही. त्यावर डॉक्टरांनी काय द्यावं? च्युइंगम. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, मग ते कामाला लागतं. पोरांना आपण थुंक म्हणून ओरडतो, तेच. जागं झाल्याची खूण म्हणजे वारा सरला पाहिजे. नाहीच सरला तर पुन्हा पोट उघडावं लागेल, असंही ते म्हणाले.

आपल्या घरची रीत तुम्हाला मी सांगायला नको. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यापुढे तोंड हलवायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दादा ओसरीवर असताना मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरलं नाही. इथे तर ते पलंगाला लागून स्टुलावर. ते चहाला बाहेर गेले की मी घाईघाईने चघळायची आणि चपला वाजल्या की काढून टाकायची. अशाने आतडं कसलं जागं होतंय!

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "गॅस पास हुआ क्या?" मी पदरात तोंड लपवलं. दादाच म्हणाले, "हो हो, झाला." असलं बोलणं त्यांना सोसलं नसेल, किंवा मळणीकडे जायची घाई असेल. त्यांना मी खोटं कशी पाडणार? मग चहा आला, तोही प्यायले. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं, हिरव्या उलट्या झाल्या आणि नाकातून नळी घातली. तेव्हा मी तुम्हाला हाका मारत होते, असं सिस्टर सांगते. मला आठवत नाही.

सिस्टरने खोदून विचारलं तेव्हा खरं सांगितलं. तिने माझ्या हातावर नवं च्युइंगम ठेवलं आणि ती तिथेच उभी राहिली. मी ते दादांसमोर तोंडात टाकलं. पदर नळीत अडकत होता, तो खांद्यावर घेतला. आणि गाय रवंथ करते तशी सावकाश चघळत बसले. मरणाची लाज वाटत होती, पण मरायचं नव्हतं. दादा माझ्याशी बोलत नाहीत ना, ते सिस्टरला म्हणाले, "तिले सांगा, जरा लाज ठेव म्हना." मग बाहेर जाऊन त्यांनी तुम्हाला फोन लावला.

ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला फोन द्यायला सांगितलात. मला वाटलं, कशी आहेस विचाराल.

"दादासमोर कायले चावून राहिली तू?"

एवढंच विचारलंत. रायपूरहून गोंदियाला येणाऱ्या साऱ्या गाड्या तुम्हाला तोंडपाठ आहेत. मी रडले नाही, रडलं की टाके ताणतात.

काल डॉक्टर आले तेव्हा दादांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "झाला." चांगलं मोठ्याने म्हणाले. आता नळी निघाली, पेज पचते.

उद्या सुट्टी आहे. माझे गरम कपडे जाऊबाईंनी बोदलकशाला पाठवावेत, एवढंच लिहिणार होते. पण सरळच लिहिते. माझा भाऊ ओमेश्वर येतो आहे आणि मी त्याच्याबरोबर बोदलकशाला माहेरी जाते आहे. घ्यायला यायचं असेल तर तुम्ही या. दादांना पाठवलंत तर ते आल्या पावली परत जातील. माझं लग्न तुमच्याशी झालं होतं, त्यांच्याशी नाही.

'तुमची' असं लिहवत नाही, म्हणून नुसतीच
रविता