बांधापलीकडची माती

शिरोळ

प्रिय दादा,

तुला जाऊन आठ महिने झाले, आणि आज तुझा इतका राग आलाय की लिहिल्यावाचून राहवेना. काल मातीच्या तपासणीचे कागद आले. माझ्या रानाचा कर्ब तुझ्यापेक्षा जास्त निघाला!

किती वाट पाहिली होती मी याची! संस्थान गेलं त्या साली आपली वाटणी झाली. रान एकच, मध्ये एक बांध. पण शेतकीचे साहेब दर तीन वर्षांनी दोघांची माती तपासणार आणि चावडीत तुझंच कौतुक करणार. "कर्ब म्हणजे मातीतला जीव. तो बघा यांच्या रानात!" मी वरवर हसायचो आणि आत जळायचो. धाकट्यानं कायम मागंच राहायचं का रे?

म्हणून तीन वर्षांपूर्वी लबाडी केली. रानात सात-आठ ठिकाणची माती मिसळायची सोडून जुन्या उकिरड्याच्या जागेची पिशवी भरली. दोन्ही पिशव्या कोल्हापूरला तूच नेल्यास. कागद आला: शेणखताची गरज नाही. कुरुंदवाडच्या बाजारापर्यंत मिरवलो मी! मग खताची गाडी रानात नेणार कुठल्या तोंडानं? ऊस पिवळा पडला तरी नेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, तुझ्या रानात खतासाठी बसायची ती धनगरांची मेंढरं माझ्याकडं येऊन बसली. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, त्यांनाही आता माझंच रान आवडतंय. तू बांधावरून म्हणालास, "नशीबवान हाईस की लेका!" केवढा फुगलो होतो मी!

या वेळी पिशवी खऱ्या मातीची भरली होती, म्हणून काल कागद घेऊन वहिनीकडं धावलो. तिनं तो हातातही घेतला नाही.

"भावजी, मेंढरं त्यांनीच धाडलीती. तुमच्या पिशवीला उकिरड्याचा वास मारतोय, म्हणालं हुतं. बोललो तर लाजंल, न्हाय बोललो तर रान मरंल."

मग कानाखाली का नाही वाजवलीस, दादा? तुझं रान उपाशी ठेवून मला जिंकवलंस, आणि सांगितलंही नाहीस! तुझी माती झाली तरी मला तुझा हेवा वाटायचा सुटत नाही. एवढं मोठं मन तुलाच कसं मिळालं?

यंदा मेंढरं तुझ्या रानात बसतील. पिशव्या मी भरीन, खऱ्या मातीच्या. तुझा आकडा माझ्यापेक्षा वर जाईपर्यंत माझ्या रानात खताची एक पाटी पडणार नाही. जळायची सवय आहे मला. जळेन.

तुझा धाकटा,
शंकर