उलटा छापलेला ऑस्टरमन

हार्लन फोर्ड, आयोवा
१२ जून १९८८

चि. क्लेटन यास,
लोरीनताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. शिडीवरून पडून पाय मोडून घ्यायला तू काय लहान आहेस का? प्लास्टर निघेपर्यंत चार जुलैच्या समारंभाला यायचा हट्ट धरू नकोस. बाबा ठीक आहेत. गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र झक्क चालतं. काल वाटाणे सोलताना मला विचारलं की १८७९ साली बेसबॉलमध्ये पिचरने किती वाईट चेंडू टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळायचा. मी म्हटलं, आत्तासारखेच, चार. माझं चुकलं म्हणून ते इतके खूश झाले की निम्मे वाटाणे खाली सांडले.

आता खरी गोष्ट. गावच्या मैदानाला बाबांचं नाव देणार आणि कुंपणावर त्यांचं ५४ सालचं, च्युइंगगमच्या पाकिटातून निघायचं ते खेळाडूचं कार्ड आठ फूट उंच रंगवणार, हे तुला माहीत आहेच. रंगाऱ्याला नमुना हवा म्हणून मी दिवाणखान्यातली फ्रेम उतरवली. काच काढून कार्ड हातात घेतलं आणि खिडकीपाशी उजेडात नेलं.

शर्टाच्या गुंड्या, क्लेटन. बाबा उजव्या हाताने चेंडू टाकायचे आणि कार्डावर चेंडू डाव्या हातात आहे. ‘छपाईवाल्यांनी माझा फोटो उलटा छापला,’ हे आपण बाबांकडून जन्मापासून ऐकत आलो. टोपीवरचं अक्षर एम, ते उलटंसुलटं सारखंच. छातीवरचं नाव ग्लोव्हमागे झाकलेलं. पण मी वीस वर्षं शिवणकाम करते. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर आणि गुंड्या उजव्या पट्टीवर. बायकांच्या बरोबर उलट. फोटो उलटा असता तर तो शर्ट माझ्या ब्लाउजसारखा दिसला असता. तो तसा दिसत नाही. फोटो सरळ आहे आणि कार्डावरचा माणूस खरोखरच डावखुरा आहे.

मग आईबाबांच्या लग्नाचा फोटो शेजारी धरला. कार्डावर टोपीच्या सावलीने डोळे दिसत नाहीत, पण कान दिसतात. ते बाबांचे कान नव्हेत. व्हर्ना मावशी मला आयुष्यभर सांगत आली की तुझी हनुवटी तुझ्या बाबांसारखी, कार्डावरच्या व्हर्जिलसारखी आहे. काल अर्धा तास आरशासमोर उभी होते.

रंगारी सोमवारी काम सुरू करणार. बाबांना काय विचारू आणि कसं? लवकर लिही.

तुझी गोंधळलेली,
लोरीनताई

टोलीडो, ओहायो
१६ जून १९८८

ती. ताईस,
क्लेटनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. शिवणकामाने हिला सगळीकडे गुंड्याच दिसायला लागल्या, असं बायकोला म्हणालोसुद्धा. मग माझ्याकडची कार्डं काढली. बाबांचं ते एक कार्ड मी लहानपणापासून जमवतोय, बदलून, मागून, भांडून. एक्केचाळीस आहेत. भिंग घेऊन एकेक बघितलं. ताई, एक्केचाळीस वेळा काजं डावीकडे.

खोटं कशाला सांगू, भिंग पुसून पहिल्यापासून पुन्हा बघितलं. संग्राहकांच्या यादीत हे कार्ड ‘उलटा ऑस्टरमन’ म्हणून नोंदलेलं आहे. जाणती माणसं त्यावर वाद घालतात. आणि एकालाही शर्टाकडे बघावंसं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. पुरावा तपासा, पुरावा तपासा, असं मुलांच्या डोक्यात कोंबतो.

मनात नको ते आलं. बाबा कधी खेळलेच नसतील तर? घाईघाईने बेसबॉलच्या आकडेवारीचं जाडजूड पुस्तक उघडलं. देवाची कृपा, ते तिथे आहेत: सप्टेंबर १९५३, चार सामने, एक विजय, उजवा हात. म्हणजे खेळले ते बाबाच. पण मग लहानपणी मी ज्याला गुडनाइट म्हणून झोपायचो तो माणूस कोण? शाळेत ज्याचा चेहरा दाखवून मिरवलो तो कोण?

लपवाछपवी नको. सरळ विचार, पण नाश्ता झाल्यावर. उपाशीपोटी ते खरं बोलत नाहीत. आणि उत्तर नऊ आहे असं सांग. तेव्हा नऊ वाईट चेंडू लागायचे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
क्लेटन

हार्लन फोर्ड
२२ जून १९८८

चि. क्लेटन यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

नऊ बरोबर. तुझ्या ताईने परवा माझ्यापुढे अंडी ठेवली, खाऊ दिली आणि मग बशीशेजारी ते कार्ड ठेवून फक्त एवढंच विचारलं, की बाबा, या शर्टाची काजं कुठल्या बाजूला आहेत. चौतीस वर्षं मोठमोठ्या बेसबॉलवाल्यांना चकवलं आणि घरच्या शिंपिणीने पकडलं. तुमच्या आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. फ्रेम पुसताना ती त्याला एमेट म्हणून हाक मारायची, तुम्ही शाळेत असताना.

एमेट टॉलिव्हर. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोल्टर्स रन या खाणीच्या गावचा, डावखुरा पिचर. ५४ सालच्या वसंतात सरावाला आम्ही एका खोलीत होतो. माझ्यापेक्षा चांगला टाकायचा, पण चेंडू कुठे जाईल ते त्यालाच कळत नसे. एका सकाळी त्याला नारळ मिळाला, गाडीचं तिकीट हातात दिलं. त्याच दिवशी कार्डांचा फोटोवाला आला. एमेट अजून टीमच्या कपड्यांतच बाकावर बसला होता. म्हणत होता की आईला काय सांगू, तिने सगळ्या गावाला सांगितलंय की माझ्या पोराचं चित्र च्युइंगगमच्या पाकिटातून निघणार.

फोटोवाल्याकडे नावांची यादी होती, चेहरे त्याला माहीत नव्हते. त्याने ऑस्टरमन म्हणून पुकारलं आणि मी एमेटला ढकललं. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या आईला वाचता येत नाही हे तूच सांगितलंस. तिला चेहरा पुरे, नाव कोण वाचतंय.

मला वाटलं, फोटोवाला काय, दरवर्षी येणारच आहे. मे महिन्यात माझा खांदा गेला. पुढच्या वर्षी मी इथे दुकानात कोंबड्यांचं खाद्य विकत होतो. तू सहा वर्षांचा असताना विचारलंस की बाबा, चेंडू डाव्या हातात का. तुझ्या डोळ्यांत बघून मला खरं सांगवेना, म्हणून उलटा छापला म्हणालो. ते खोटं फार चाललं. तुझी एक्केचाळीस कार्डं बघून प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तू इतका आनंदात असायचास. मला माफ कर.

एमेटची दोन-तीन नाताळांना पत्रं आली, मग थांबली. तुझ्या ओळखी आहेत, कुठे आहे ते शोधून दे.

पाय जप. आणि सांग बरं, चेंडू उंच हवा की खाली, हे बॅटरनेच पिचरला सांगायची पद्धत कोणत्या साली बंद झाली?

तुझा,
बाबा

हार्लन फोर्ड
५ जुलै १९८८

चि. क्लेटन यास अ. उ. आ.

समारंभ झाला. तू हवा होतास. आधीच्या आठवड्यात बाबा समारंभाच्या समितीपुढे जाऊन सगळं सांगून आले. अध्यक्षीणबाई मिसेस क्विम्बींनी सगळं दोनदा सांगायला लावलं. तोवर आठ फुटी चेहरा रंगवून तयार होता. कोणी म्हणालं पुसा, कोणी म्हणालं वर व्हर्जिलचा चेहरा काढा. बाबा म्हणाले की चेहऱ्याला हात लावाल तर माझं नावही काढून टाका. शेवटी रंगाऱ्याने खाली एमेट टॉलिव्हर असं लिहिलं. मैदान ऑस्टरमनचं आणि चित्र टॉलिव्हरचं. जमलेल्या लोकांना बाबांनी माइकवरून स्वतः सगळं सांगितलं. मग त्यांनी उजव्या हाताने पहिला चेंडू टाकला. तो दोन टप्पे पडून पोचला.

तुझा फोन आल्याचं त्यांना सांगितलं: कोल्टर्स रनच्या पोस्टमास्तरांनी ‘एमेटचं काय ते तिलाच विचारा’ म्हणून त्याच्या बहिणीचा पत्ता दिला आणि तू तिला सगळी हकिकत लिहून सोबत एक कार्ड पाठवलंस. तेव्हापासून टपालाच्या वेळी बाबा पेटीपाशीच असतात. तुझं १८८७ बरोबर आहे, असा निरोप आहे.

आठवण धरून असणारी,
ताई

कोल्टर्स रन, वेस्ट व्हर्जिनिया
२ ऑगस्ट १९८८

श्री. व्हर्जिल ऑस्टरमन यांस,
नेड्रा टॉलिव्हर हिचा स. न. वि. वि.

तुमच्या मुलाचं पत्र आलं त्याला महिना होत आला. पहिले तीन दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. आज लिहायचं बळ आलंय.

आमच्या आईला वाचता येत नव्हतं, हे खरं. पण मी नऊ वर्षांची होते आणि मला येत होतं. कार्डाचं पाकीट फोडल्यावर मीच मोठ्याने वाचलं, व्हर्जिल ऑस्टरमन. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एमेट आधी लाल झाला आणि मग म्हणाला की ते माझं बेसबॉलमधलं नाव आहे, मोठ्या लीगमध्ये सगळे असं नाव घेतात. कार्डाच्या मागे उजवा हात का लिहिलाय असं विचारलं, तर म्हणाला की छपाईवाल्यांची चूक. चार सामने आणि एक विजय, तेही मी वाचलं. त्याने नाही म्हटलं नाही. आम्ही आयुष्यभर ते खरं धरून चाललो.

साहेब, आमच्या गावात तुम्ही १९६१ साली वारलात. खाणीचं छत कोसळलं. एमेटच्या थडग्यावर त्याचं नाव आहे आणि त्याखाली कोरलंय, ‘बेसबॉलमध्ये व्हर्जिल ऑस्टरमन’. हे आईने हट्टाने कोरून घेतलं. दर वर्षी मेअखेरीला फुलं वाहायला गेलो की ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. वाचता न येणारी ती बाई आयुष्यात दोनच नावं ओळखायला शिकली, मुलाचं आणि तुमचं. ती सत्तर साली गेली. कार्ड तिच्या हातात ठेवूनच पुरलं, म्हणून तुमच्या मुलाने पाठवलेलं कार्ड मी दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघितलं.

माझा भाऊ एकही सामना खेळला नाही, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळतंय. त्याच्यावर रागावू की रडू, समजत नाही. तुम्ही जिवंत आहात, नाव तुमचं आहे. म्हणाल तर पाथरवटाला सांगून ती ओळ खरवडून घेते. तसं करताना मला त्रास होईल, पण हक्क तुमचा.

उत्तराची वाट पाहणारी,
नेड्रा टॉलिव्हर

हार्लन फोर्ड
८ ऑगस्ट १९८८

चि. सौ. का. नेड्रा हिस, (तू माझ्या लोरीनपेक्षा फार मोठी नाहीस, म्हणून असंच लिहितो)
व्हर्जिल ऑस्टरमनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पेटीपाशीच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. मुलीने विचारलं काय झालं, तर सांगितलं की मी वारलो. मग मात्र मला आवरलं नाही. एमेट जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि मी इतकी वर्षं म्हणत होतो की हा पठ्ठ्या पत्र का लिहीत नाही.

त्याच्यावर रागावू नकोस. ते खोटं तो एकटा बोलला नाही, बाकावरून त्याला मीच ढकललं. घरात वाचणारी एक नऊ वर्षांची पोर आहे, हे मला त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ढकललंच असतं. आणि उजव्या हाताची सबब त्याने तिकडे काढली आणि उलट्या फोटोची मी इकडे काढली, एकमेकांना न विचारता. यावर तो किती हसला असता.

दगडाला हात लावू नकोस. ती ओळ तुझ्या आईने कोरून घेतली आहे, माझा तिच्यावर काही हक्क नाही. ते चार सामनेही त्याच्याकडेच राहू देत. माझ्याकडे ते नुसते पुस्तकात पडून होते, तिथे तुझी आई त्यांना फुलं वाहायची.

क्लेटनच्या पायाचं प्लास्टर महिनाअखेर निघेल. सप्टेंबरात तो मला गाडीने तिकडे आणणार आहे. थडग्याशेजारी एक फोटो काढायचा आहे. कॅमेरा क्लेटन आणेल. या खेपेला नाव पुकारलं की मी स्वतःच जाऊन बसेन.

तुझ्या भावाच्या जागी मला धर, ही इच्छा.

व्हर्जिल ऑस्टरमन