इबूचे पाच शब्द

प्रिय वेनिंग,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालशील. घाल. त्या आठ्या बघायलाच तर मी कॉलेजात यायचो. सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज मधेच सोडलं, तेव्हा वाईट वाटलं ते तेवढ्याचंच.

त्या दिवशी तू संशोधनासाठी कोटागेडेतल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासत आमच्या घरी आलीस. आईला, आमच्या इबूला, पाच शब्द सांगितलेस: चमचा, होडी, जास्वंद, घंटा, मीठ. थोड्या वेळाने विचारलंस, तर आई म्हणते कशी, "अगं पोरी, आधी दोन घास फणसाचं गुडेग खा, हाडं दिसतायत तुझी!" तू हसलीस आणि कागदावर शून्य मांडलंस. माझं डोकं फिरलं. सगळ्या गल्लीला फणस रांधून घालणाऱ्या बाईला शून्य? कागद हिसकावून घेतला तुझ्या हातातून. माफीबिफी मागणार नाही.

पण तुझंच खरं निघालं. परवा तिने गुडेग शिजत घातलं, त्यात फणसच नव्हता. नुसतं नारळाचं दूध ढवळत बसली होती. मला बाबांच्या नावाने हाक मारते, आणि बाबांना जाऊन किती वर्षं झाली! पुढच्या तपासणीत पास व्हावी म्हणून मी तिच्याकडून रोज ते शब्द घोकून घेतो. घोकून मेंदू बरा होत नाही, कळतं गं मला. पण मग करू काय? काल ओरडलोच, "इबू, एक तरी सांग!" रडवेली होऊन म्हणाली, "वेनिंग."

तुझं लग्न ठरल्याचं बाजारात कळलं. डॉक्टर आहे म्हणे. त्याच्या मोटारसायकलची हवा सोडायला गेलो होतो. तसाच परत आलो.

गुरुवारी तू पुन्हा येणार आहेस. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. शून्य आलं तर शून्य लिही, मी बाहेर पायरीवर बसून राहीन. फक्त इबू तुला विचारणार, "माझ्या दामारशी लग्न झालं का गं तुझं?" मलाही बाबा समजून रोज हेच विचारते. हे पत्र एवढ्यासाठीच. आपल्याकडे कुणाच्या तोंडावर 'नाही' कुठे म्हणतात? 'अजून नाही' म्हणतात. तेवढंच म्हण. मीही तिला तेच सांगत आलोय.

तुझाच (खोडत नाही),
दामार