गांधीलमाशी, भुंगेरा आणि फाटक

बाबा, आज कृषी महाविद्यालयाच्या कीटक-विभागात दिवसभर माश्यांचे कोष निवडले आणि तुमची फार आठवण आली. शेणावरच्या माशीचा कोष गव्हाच्या दाण्यासारखा, तपकिरी. त्यात दोन परके जीव वाढतात आणि दोघेही आतली माशी खाऊन संपवतात, म्हणून आम्ही त्यांना पाळतो. एक बारीक गांधीलमाशी, दुसरा भुंगेरा. गांधीलमाशी स्वतः कोषावर बसते, कवचाला भोक पाडते आणि अंडे नेमके आत ठेवते. तिचे पिल्लू जन्मते तेच भरल्या ताटावर. भुंगेऱ्याची मादी मात्र शेणाजवळच्या मातीत अंडी घालून निघून जाते. तिची केसाएवढी अळी आपली आपण चालत जाते, कोष शोधते, कवच कुरतडून आत शिरते. साहेबांनी हे समजावले तेव्हा मला महाविद्यालयाचे फाटक आठवले.

नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी तुम्ही मला महाल वस्तीतून तुमच्या सायकल-रिक्षाने तिथे नेलेत. चढावर मी उतरून ढकलायला लागलो, तर म्हणालात, "बस ना गा मांगं. आज तू सवारी हायेस." नववीतच शाळा सुटलेला मी, शर्टाची बटणे पुन्हा पुन्हा चाचपत बसलो. आतले माळी तुमच्या ओळखीचे, तरी तुम्ही फाटकाशीच रिक्षा वळवलीत.

"बाबा, तुम्ही चाला नं अंदर."

"मी आलो तं सायेब मलेच इचारन. नोकरी तुले पाह्यजे का मले? काहून घाबरून राहिला बे, वाघ हाये का थो?"

आणि घंटी वाजवत निघून गेलात. तुम्ही वारल्यावरही कितीतरी वर्षे मला वाटत राहिले, की त्या दिवशी तुम्ही मला टाकून गेलात.

पण भुंगेऱ्याची मादी अंडी वाटेल तिथे घालत नाही, बाबा. जिथे लवकरच कोष होतील अशा माश्यांच्या अळ्या आहेत तिथेच घालते, आधी हिंडून पाहते. तुम्हीही रिक्षात बसेल त्या सवारीला विचारत होतात, पोराला कुठे कामावर घेतील म्हणून. आई अजून सांगते.

उद्या धाकटीची नर्सिंगची मुलाखत आहे. आत्ता जेवताना म्हणाली, "दादा, तू येशीन नं संग अंदर?" मी म्हणालो, "काहून वं, वाघ हाये का तिथं?" ती हसली, पण हातातला घास तसाच राहिला.

तिला फाटकाशी सोडून वळायचे, असे ठरवले आहे. या पत्राला पत्ता नाही, म्हणून खरे ते लिहितो. वळेन, पण घरी जाणार नाही. ती बाहेर येईपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीमागे उभा राहीन. तुमच्याएवढे मला जमत नाही.