४६ किलो गटातल्या मॅडम

१७ जून
नोकरीचा दुसरा दिवस. फाटकातच शिपाई बाबूमामांनी अडवलं. “गणवेश कुठं हाय गं? जा, आधी हेडसरांना भेट.” भेटले. हेडसरांनीही मान वर न करता विचारलं, कितवी? मग बघून ओशाळले, कालच तर त्यांनी मला रुजू करून घेतलं होतं. वय सव्वीस, उंची पाच फूटसुद्धा नाही, त्यांचा तरी काय दोष. मी ओळखपत्र मागितलं. क्लार्क म्हणाले, पुढच्या आठवड्यात.

१० जुलै
गुरुपौर्णिमा. दहावीच्या मुली रांगेने पाया पडायला आल्या, निम्मी रांग माझ्यापेक्षा उंच. मी टुणकन मागे सरकले. म्हटलं, माझ्या पाया पडायचं नाही, एकदम म्हातारी झाल्यासारखं वाटतं. सगळ्या हसल्या, सानिका हिरमुसली. ती कुस्ती खेळते. तालमीत वस्तादांच्या पाया पडल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही म्हणे. असेल. मला नको.
ओळखपत्र: पुढच्या आठवड्यात.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. आज दहावीच्या मुली साड्या नेसून खालच्या वर्गांना शिकवतात. मीही हौसेने नवी साडी नेसले, इथेच चुकलं. प्रमुख पाहुण्यांनी पाठीवर थाप दिली, छान शिकवलंस म्हणाले, मोठेपणी खरंच बाई होणार का? हो म्हटलं. आता काय सांगणार! घरी बावड्याला आल्यावर आईला सांगितलं, ती पोट धरून हसली.

१२ सप्टेंबर
पुढच्या आठवड्यात हातकणंगल्याला तालुक्याची कुस्ती स्पर्धा. मुलींबरोबर बाई लागते, म्हणून मी जायचं. कुस्तीतलं शून्य कळतं. सानिका ४६ किलो गटात. तिच्या आबांनी बजावलंय, यंदा तालुका जिंकलीस तर ठीक, नाहीतर तालीम बंद, दहावीचं बघ. पोरगी वजनाच्या धाकाने अर्धीच भाकरी खाते. तिच्यासमोर दोन खाल्ल्या आणि मग लाज वाटली.

१८ सप्टेंबर
हातकणंगल्याहून आत्ताच परतले.
वजनाच्या रांगेत सानिकाची पिशवी धरून उभी होते. काट्यावरच्या बाईंनी दंडाला धरून मलाच वर चढवलं. पंचेचाळीस किलो आठशे, बसतीस की, म्हणाल्या. नावही लिहून घेतलं! तिथे हसले, पण प्रवेशिकेच्या टेबलावर हसू पळालं. पंच म्हणाले, ही सही बाईंची नाही, तूच केलीस. तुमच्या बाईंना बोलव, नाहीतर कार्ड दाखव. कार्ड क्लार्कांच्या पुढच्या आठवड्यात. हेडसरांचा फोन लागेना. नावं अकराला बंद, पावणेअकरा वाजलेले. मी शिक्षिका आहे असं तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज आणखी बारीक झाला. रडू येत होतं, पण रडले असते तर थेट सातवीतली दिसले असते.
सानिका पुढे आली, वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी मागे सरकायचं विसरले.
पंच उठले. कान मोडलेले, जुने पैलवान असणार. “तालमीतली पोरगी उगं कुणाच्या पाया पडत न्हाई. बसा मॅडम, हितं सही करा.” स्वतःची खुर्ची दिली.
सानिकाने दोन्ही कुस्त्या मारल्या, तालुका जिंकली. ओरडून ओरडून माझा घसा बसला. माझं नाव यादीतून खोडायचं राहिलंच होतं, मधेच तेही पुकारलं.

२४ सप्टेंबर
ओळखपत्र आलं!! फोटो असा की, बघणाऱ्याची शंका आणखी वाढावी.
सानिकाचे आबा म्हणालेत, जिल्ह्याची कुस्ती स्वतः बघतो आणि मग तालमीचं ठरवतो. शाळेत ते कधी आलेले नाहीत. तिचा डबा आता रोज मी बघते, भाकरी पूर्ण खायला लावते.

३ ऑक्टोबर
जिल्हा स्पर्धा. पायऱ्यांवर बसून लिहितेय. ओळखपत्र घरीच राहिलं, देव्हाऱ्यासमोर, मीच ठेवलं होतं. पण टेबलावर तेच पंच, त्यांनी लांबूनच हात जोडले. सानिकाचं वजन बरोब्बर बसलं.
शेजारी एक गृहस्थ येऊन बसलेत, पायाशी दुधाची किटली. सानिकाने खालून खूण केली, हेच आबा. किटली तिच्यासाठीच असणार, बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, “तुझी कुस्ती कवा हाय गं, पोरी?”
काय सांगावं याचा विचार करतेय, तोवर सानिकाचं नाव पुकारलं. मॅटवर जायच्या आधी ती पायऱ्या चढून इकडेच येतेय. आपल्याकडेच येतेय असं वाटून आबांनी पाय जरा पुढे घेतलेत.
मी मागे सरकलेले नाही, चपला काढून ठेवल्या आहेत.