शेवटच्या तारखेचा वारा

रविवार, ता. ९ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच वहिनीच्या हातात देशील आणि ती ते मोठ्यानं वाचेल, असं मी धरून चालले आहे. वहिनी, तुम्हालाही नमस्कार. आई इथे माझ्याकडेच आहे, बरी आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही, पण खिडकीत बसून साऱ्या गल्लीचा हिशेब ठेवते.

पवनचक्क्यांची करसवलत सरकारनं दोन वर्षांनी वाढवली, हे तू वाचलंच असशील. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा उगाचच वाजवला. बंद पडलेली दुसरी पाळी सुरू झाली, काही जुनी माणसं तिकडे गेली आणि पात्यांच्या शेडमध्ये पहिल्या पाळीत मलाही काम मिळालं. पात्यावर पॉलिश पेपर मारायचा. पातं एवढं लांब, की त्या टोकाच्या बाईशी बोलायचं तर फोन करावा लागेल, असं आम्ही हसतो. घरी आल्यावरही नाकातून पांढरी भुकटी निघते.

तू म्हणशील, नवरा कमावता असताना तुला हे कशाला?

तेच लिहायला बसले आहे आणि तेच टाळते आहे. ह्यांना अपघात झाला, दादा. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी. तुला कळवायचं नाही, असं ह्यांनीच आईला बजावलं होतं. 'सरकारच्या मेहेरबानीवर चालणारी नोकरी म्हणजे नोकरी नव्हे' हे तुझं वाक्य त्यांना पुन्हा ऐकायचं नव्हतं.

सवलत त्याच रात्री संपणार होती. त्याआधी चालू होईल त्याच चक्कीला कर माफ. टेकडीवरच्या शेवटच्या चक्कीचं एक पातं चढवायचं राहिलं होतं. दुपारी ह्यांचा खालून फोन आला. वाऱ्यामुळे शब्द नीट ऐकू येत नव्हते. म्हणाले, "आज चढण्यासारखं नाही गं, उभंसुद्धा राहवत नाही. पण साहेब म्हणतात, आज नाही तर कधीच नाही." मी म्हटलं, नका चढू. म्हणाले, "मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला चढवतील." आणि चढले. क्रेनला लटकलेलं पातं वाऱ्यानं फिरलं आणि त्याचा फटका ह्यांच्या पाठीत बसला. कमरेला बांधलेल्या पट्ट्यामुळे खाली आले नाहीत, लोंबकळत राहिले. कमरेखाली आता काही कळत नाही. ज्या माणसाला सगळे 'खार' म्हणायचे, त्याला मी कुशीवर वळवते.

आणि तीनच आठवड्यांनी मुदत वाढली.

पुढचं आईनंही मला लिहू नकोस म्हणून सांगितलंय. फेब्रुवारीत चौकशी अधिकारी घरी आले. भले गृहस्थ होते, चपला बाहेर काढून आले. ह्यांना विचारलं, वारा किती होता? हे भिंतीकडे बघत म्हणाले, "बेताचा होता. माझाच पाय घसरला."

मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

ते गेल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत? म्हणाले, "खरं सांगून माझे पाय परत येणार आहेत? काम थांबलं तर शेड बंद पडेल. समोरच्या वेल्डरची मुलगी शिकतेय. तुझीही नोकरी जाईल. गप्प बस."

दोन दिवस गप्प बसले. टेकडीवर अजून चक्क्या उभ्या राहायच्या आहेत. दोन वर्षांनी पुन्हा शेवटची तारीख येईल, पुन्हा साहेब म्हणतील, आज नाही तर कधीच नाही, आणि पुन्हा कुणीतरी खालून आपल्या बायकोला फोन करेल. तिसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले आणि फोनवर ऐकलं ते सगळं सांगितलं. सही केली.

टेकडीवरचं काम थांबवलंय. चौकशी संपेपर्यंत पात्यांची मागणी बंद, दुसरी पाळी घरी. मी पहिल्या पाळीत असल्यामुळे माझी नोकरी राहिली, हे तर लोकांना अजूनच झोंबलंय. शेडमध्ये मी जेवायला बसले की बाक रिकामं होतं. वेल्डरची बायको काल आमच्या दारापर्यंत आली, नुसतं बघितलं आणि गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पाणी हवं असलं तर आईला हाक मारतात. आई गुडघे धरत उठते. मी तिथेच बसलेली असते.

दादा, मी चुकले का, हे विचारायला लिहीत नाही. उद्या पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन. फक्त घरी आल्यावर उंबऱ्याशी थोडा वेळ उभी राहते. आत जायला धीर होत नाही.

तू ये. ह्यांना तुझा राग आहे, तुला बघून चवताळतील, नाही नाही ते बोलतील. बोलू देत. तूही ऐकून घेऊ नकोस, चांगला कडाडून भांड. या घरात कुणाचाही आवाज चढून फार दिवस झाले.

वाट बघणारी,
तुझी धाकटी