गोदावरीबाईंचे उपास

प्रिय शुभांगी,

काल फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे नं, एखाद्याले नाही आवडत आपण." मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर रडू आलं असतं आणि मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

मी कुणाला आवडावं म्हणून नर्स झाले नाही. गोदावरीबाई आपल्या आरोग्य केंद्रातल्या सीनियर, चारचौघींत झापायच्या, नको त्या ड्यूट्या माझ्या माथी मारायच्या, तरी मी चूप राहिले. आणि सुरुवातीला तर त्या माझ्या डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे न विचारता उचलायच्या. "तुह्या मायच्या हाताले चव हाय व," असं तुझ्यादेखतच म्हणायच्या. आमच्या आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं एवढंच.

मग गोदावरीबाई आणि मी लसीकरणाला एकोडीला, माझ्या गावी गेलो. ऊन फार होतं, म्हणून मी त्यांना घरी नेलं. आईने पाणी दिलं. ग्लास तोंडाशी नेता नेता त्यांची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली. ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "आज मले उपास हाय." उपासाला पाणी चालत नाही का, हे आईने विचारलं नाही. तिने ग्लास उचलला आणि आत गेली. तिच्या आयुष्यात असे उपास करणारे पुष्कळ आले असतील.

त्या दिवसापासून माझ्या डब्यासमोर त्यांचा रोज उपास. तू काय केलंस? मला बाजूला घेऊन समजावलंस, त्यांचा स्वभावच तसा आहे, तूच थोडे दिवस ड्रेसिंगच्या खोलीत जेव. मी जेवले. स्पिरिटच्या वासात बसून घास गिळले. त्यांच्यापेक्षा जास्त राग मला त्या जेवणाचा येतो.

आणि मग राखीची ती दुपार. कोंढा गावची पोरगी, पहिलटकरीण. बाळ नीट झालं, पण रक्त थांबेना. डॉक्टर शिबिराला गेलेले. मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन धावत आले तर गोदावरीबाई दारात आडव्या. म्हणाल्या, "तू नको येऊ आत. पेशंटच्या लोकाईले चालत नाही." राखीच्या सासूबाई केशरबाई तिथेच उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या हात जोडून म्हणत होत्या, "कोनीबी या बाई, पन माह्या सुनेले वाचवा." मी गोदावरीबाईंना खांद्याने लोटलं आणि आत शिरले. इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, गाडी येईपर्यंत हात काढला नाही. राखी वाचली. तिचं बाळ तेव्हा तुझ्या हातात होतं शुभांगी. तू दारापासून दोन हातांवर होतीस.

आता गोदावरीबाईंनी वर सांगितलं आहे की प्रतिक्षा ड्यूटी सोडून बाहेर गेली होती, म्हणून उशीर झाला. माझी नोकरी कंत्राटी. काढून टाकायला एवढं कारण पुरे आहे.

सोमवारी चौकशी आहे. मी साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं आहे, हे सांगायला हे पत्र. केशरबाई येणार आहेत. मी बोलावलं नव्हतं, त्यांनीच निरोप पाठवला. तुझी बदली झाली, आता भंडाऱ्यात तुझं बरं चाललं आहे, गोदावरीबाई तुझ्या सासरच्या नात्यातल्या, घरात काय बोलणी होत असतील तेही मला कळतं. तरी ये. मैत्रीखातर येऊ नकोस, कानांनी जे ऐकलंस ते सांगायला ये. आणि आपल्याला काही ऐकू आलं नाही असंच सांगायचं ठरवलं असशील, तर तेही फोनवर नको. तिथे समोर बसून, माझ्याकडे बघून सांग.

अजून तरी तुझीच,
प्रतिक्षा